हजेरी न देणारी चकती

"एकही चकती सापडली नाही."

पडद्यावर तेच वाक्य पुन्हा उमटलं आणि निसार शिकलगारने हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. चकती त्याच्या डोळ्यांसमोर होती. संगणकाचं झाकण उघडं होतं, चकतीचा हिरवा दिवा लुकलुकत होता, बोट टेकवलं तर तिची ऊबही लागत होती. आणि हा शहाणा स्थापक म्हणत होता की चकतीच नाही!

"वहिनी, काटा कसा आहे?" त्याने ओरडून विचारलं.

"हिरव्यात आहे. तुझं काय?" शेजारच्या खोलीतून सुलभा ढोलेचा आवाज आला.

"माझं जैसे थे."

'टिटवी' हे यान एका लघुग्रहावरचे बर्फाचे नमुने घेऊन चंद्रावरच्या तळाकडे परतत होतं. यानात माणसं तिघं. यानप्रमुख सुलभा, तिचा नवरा जयवंत आणि यंत्रं सांभाळणारा निसार. जयवंत आणि निसार मिरजेला एका बाकावर बसून शिकलेले, म्हणून यानप्रमुख असूनही सुलभा त्याची वहिनीच होती. जयवंत भूवैज्ञानिक होता. लघुग्रहावर नमुना कापताना एक कातळ सुटून त्याच्या छातीवर आला. बरगडी फुप्फुसात शिरली होती. अशी शस्त्रक्रिया करणारे हात फक्त चंद्रतळावरच्या इस्पितळात होते, आणि तिथे पोचायला अजून कित्येक आठवडे लागणार होते. म्हणून सुलभाने त्याला शीतनिद्रेच्या शय्येत झोपवलं. थंडीने शरीराचे सगळे व्यवहार मंदावतात, रक्तस्राव थांबतो, माणूस थांबून राहतो.

ही शय्या एका संगणकावर चालत असे. निजलेल्या माणसाचं शरीर थंडीला कसा प्रतिसाद देतं, केव्हा किती अंश कमी-जास्त केले म्हणजे हृदय तग धरतं, हे तो संगणक हळूहळू शिकत जाई. त्या शिकलेल्या माहितीला म्हणायचे देहलय. प्रत्येकाची देहलय निराळी. ती हातात नसेल तर निजलेल्याला जागं करता येत नाही, करायला गेलं तर हृदय बंद पडतं. जयवंतची देहलय त्या एकाच चकतीवर होती.

आणि संगणकाची जुनी कार्यप्रणाली बिघडली होती. ती सारखी बंद पडे, पुन्हा सुरू होई, पुन्हा बंद पडे. ती बनवणारी कंपनी केव्हाच गुंडाळली गेली होती. चंद्रतळाने सांगितलं, तिचा नाद सोडा, देहलय तशीच ठेवून लिनक्स ही खुली प्रणाली बसवा, ती सगळ्यांची आहे, काही अडलं तर इथून दुरुस्त करता येईल. यानाच्या सामानात स्थापकाचा पेनड्राइव्ह होताच. स्थापक म्हणजे नवी प्रणाली चकतीवर बसवून देणारा प्रोग्राम. त्याला आधी चकती दिसायला हवी, एवढी साधी अट.

तोपर्यंत शय्या हाताने सांभाळायची होती. शय्येच्या उशाशी एक चाक होतं आणि त्याच्या वर तबकडी. काटा हिरव्या पट्ट्यात ठेवायचा. निळ्यात गेला तर रक्त गोठणार, तांबड्यात गेला तर जयवंत जागा होणार, आणि फाटलेल्या फुप्फुसानिशी जागं होणं म्हणजे मरणंच. काटा मोठा लबाड होता. जरा नजर हटली की सरकलाच. म्हणून एकाने चाकाशी बसायचं, दुसऱ्याने संगणकाशी झुंजायचं, आणि थकलं की अदलाबदल. यानावर कुठलंही काम हातातून हातात देताना बोलायची एक रीत होती. सोडणारा म्हणे, "सोडलं." घेणारा म्हणे, "धरलं." दुसरा शब्द ऐकू आल्याशिवाय पहिल्याने हात काढायचा नाही. जयवंतनेच ती रीत पाडली होती, आणि त्यावरून निसारने त्याची भरपूर थट्टा केली होती. चहाचा पेला देतानासुद्धा तो मुद्दाम "सोडलं" म्हणायचा.

आता थट्टा कुणालाच सुचत नव्हती.

निसार काही नवशिका नव्हता. त्याने केबल काढून पुन्हा बसवली. केबल बदलली. चकती दुसऱ्या खाचेत लावली. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीत, शिरून चकत्यांच्या नियंत्रकाची पद्धत बदलली, कारण पुष्कळदा तो भलत्या पद्धतीवर असला की लिनक्सला चकत्या दिसत नाहीत. मग चकतीशी बोलणारा चालक-प्रोग्राम हाताने चढवून बघितला. शेवटी वैतागून सुट्ट्या सामानातली दुसरी चकती आणून शेजारी लावली, म्हणजे लिनक्स निदान तिच्यावर तरी बसेल. तर तीही सापडेना! एक चकती आंधळी असेल तर समजू शकतं, दोन कशा असतील?

"ये इकडे," सुलभा म्हणाली. "जरा मी बघते. तुझं डोकं तापलंय."

निसार आत आला, चाकावर हात ठेवला. "सोडलं," सुलभा म्हणाली. "धरलं," निसार म्हणाला. ती उठली. काचेखाली जयवंतचा चेहरा मेणासारखा दिसत होता. तिने तिकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं की कामात लक्ष लागत नसे.

संगणकाशी बसल्यावर तिने काहीच दुरुस्त करायला घेतलं नाही. लिनक्स न बसवताही नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. तिने तसं चालवलं आणि चकत्यांचं पान उघडलं. दोन्ही चकत्या तिथे होत्या. पहिलीवर टिचकी मारली. आत 'जयवंत' नावाचा कप्पा होता आणि त्यात देहलय, जशीच्या तशी.

पण शय्या चालवायला नुसतं वाचणं पुरत नव्हतं, लिनक्स चकतीवरच बसायला हवं होतं. तिने घाईघाईने स्थापक सुरू केला. एकही चकती सापडली नाही. स्थापक बंद केला. चकत्या परत जागेवर. पुन्हा सुरू केला, पुन्हा गायब. गोगलगायीला काडी लावल्यासारखं चाललं होतं.

"निसार," ती उघड्या दारातून म्हणाली, "चकत्या बिघडलेल्या नाहीत. त्या लपतायत."

"काय?"

"वाचायला गेलं तर दिसतात. स्थापक आला की गप्प बसतात. स्थापक हजेरी घेताना लिहायची परवानगी मागतो, वाचणारा मागत नाही. त्यावरून त्या स्थापकाला ओळखतात. या चकत्यांमध्ये राखणदार आहे का रे?"

चाक किंचित फिरवल्याचा आवाज आला. "आहे की. या सगळ्या स्वरक्षी चकत्या. प्रत्येकीत एक बारीक शिकाऊ मेंदू असतो, तोच राखणदार. त्याचं काम एकच, माहिती जाऊ द्यायची नाही. आधी काय झालं की माहिती जाते, हे तो अनुभवाने शिकतो. विजेचा दाब पडला की नुकसान होतं हे कळलं, की पुढच्या वेळी दाब पडायच्या आतच तो सगळं आवरून बसतो. पण स्थापकाला भ्यायला त्याला शिकवलं कुणी?"

"तेच विचारतेय. यानात बसवण्याआधी या चकत्या कुठे होत्या?"

"आमच्याच कार्यशाळेत. मिरजेला. सरावाच्या यंत्रांत वापरायचो, चांगल्या पारखलेल्या म्हणून यानासाठी निवडल्या." आणि मग निसारचा आवाज एकदम पडला. "वहिनी, खंडेनवमी."

"म्हणजे?"

"खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पुसून पूजेला मांडतात. लेथ, ड्रिल, पाने, पक्कड. संगणकांची पूजा पण व्हायची. झेंडूची माळ, हळदकुंकू. आणि नुसतं वरून पुसून काय उपयोग, आतूनही स्वच्छ झाला पाहिजे, म्हणून त्या दिवशी प्रत्येक चकती पार कोरी करून नवी प्रणाली बसवायची. हाच स्थापक. दरवर्षी. आम्हाला वाटायचं, यंत्राचा मान केला."

"आणि राखणदाराला वाटायचं, दरवर्षी हा येतो आणि माझं सगळं घेऊन जातो."

दोघंही हसले. बऱ्याच काळाने हसले, आणि हसू संपायच्या आत दोघांनाही आपण कशावर हसतोय ते आठवलं.

"मग ती सुट्टी चकती का लपतेय?" निसारने विचारलं. "तिच्यावर काय ठेवलंय? आमच्या चाचण्यांचा कचरा."

"राखणदाराला सोनं आणि कचरा यातला फरक कुठे कळतो? आपल्याकडे आहे ते जाता कामा नये, एवढंच त्याला ठाऊक." सुलभा उठून येरझाऱ्या घालू लागली. खोली इतकी लहान होती की दोन पावलांत भिंत येई आणि ती चिडून वळे. "त्याला घाबरवून चालणार नाही, निसार. जबरदस्ती केली तर तो अजून आत दडेल, मग वाचताही येणार नाही. त्याची भीती खरी आहे, तीच घालवली पाहिजे. माहिती गेली म्हणजे काय? ती कुठेच उरली नाही, तर गेली. दुसरीकडे शाबूत असेल तर पुसली काय आणि राहिली काय."

"जुळणी!" निसार ओरडला. "वहिनी, या चकत्यांना जुळणी येते. दोघींना एकमेकींशी बोलायला लावायचं. पहिलीचं सगळं दुसरीवर आणि दुसरीचं पहिलीवर. मग दोन्ही राखणदार दोन्हीकडची माहिती ताडून बघतात आणि एकमेकांना कळवतात, तुझं ते माझ्याकडे आहे."

"आणि मग?"

"मग भ्यायचं कारणच उरलं नाही की."

जुळणी लावून दिली. पडद्यावर एक पट्टी गोगलगायीच्याच चालीने भरू लागली. सुलभाला ती बघवेना आणि तिच्यावरून नजरही काढवेना. मध्येच पट्टी अडली तेव्हा तिने उगाचच टेबलाची कड घट्ट धरली. पट्टी पुन्हा सरकली. आत निसार जयवंतशी काहीबाही बोलत होता, मिरजेच्या कुठल्या तरी मास्तरांबद्दल, जयवंतला ऐकू येत असल्यासारखं. बोलत राहिलं की नजर काट्यावर टिकते, असं त्याचं म्हणणं होतं.

पट्टी भरली. सुलभाने स्थापक सुरू केला आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावर लिहिलं होतं, "दोन चकत्या सापडल्या."

आनंद झाला, पण तो अर्धाच. काहीतरी खटकत होतं आणि ते काय हे तिला सांगता येत नव्हतं. दोन चकत्या दिसायला सारख्याच, आणि पडद्यावर नावांऐवजी नुसते लांबलचक क्रमांक. आतली कुठली आणि सुट्टी कुठली, हे चकतीवरचा क्रमांक वाचूनच ठरवावं लागणार होतं, आणि तो मुंगीएवढा बारीक होता. विजेरी हवी होती. विजेरी कोठारात होती, आणि कोठाराचं दार शय्येच्या खोलीतून होतं.

ती लगबगीने आत गेली. "दिसल्या!" ती चालता चालता म्हणाली. "दोन्ही दिसल्या." तिने सवयीने काट्याकडे पाहिलं, तो हिरव्यात होता. शय्येच्या काचेवर वाकून तिने तळहात टेकवला, या वेळी मात्र जयवंतच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "झालंच हं आता," ती त्याला म्हणाली. मागे निसार ताडकन उठल्याचा आवाज झाला. माणूस आनंदाने उठणारच. ती कोठारात शिरली.

विजेरी नेहमीच्या जागी नव्हती, अर्थातच नव्हती. तीन खोकी उपसल्यावर मिळाली. कोठाराला मागच्या बोळातूनही वाट होती, तिकडून संगणकाची खोली जवळ पडे. ती त्या वाटेने धावतच आली आणि दारातच थबकली. निसार पडद्यासमोर उभा होता आणि त्याचं बोट कळीवर टेकलं होतं.

"थांब! हात काढ!"

निसार दचकून मागे सरला. "काय झालं? सगळं तयार आहे, नुसतं हो म्हणायचंय."

"कशाला हो म्हणतोयस ते वाच आधी."

निसारने वाचलं. पडद्यावर खूण आधीच केलेली होती. 'सापडलेल्या सर्व चकत्या कोऱ्या करून लिनक्स बसवा.' कार्यशाळेतला स्थापक तो, तिथल्या सोयीनेच बनवलेला. खंडेनवमीला एकेक चकती निवडत कोण बसणार?

"दोन्ही गेल्या असत्या," तो पुटपुटला. "वहिनी, मी जयाला... मी माझ्या हाताने..."

"गेलं नाही ना काही? मग गप्प." सुलभाने त्याला बाजूला केलं, विजेरीच्या उजेडात दोन्ही चकत्यांचे क्रमांक वाचले, पडद्याशी ताडून पाहिले, पुन्हा पाहिले. मग 'स्वतः निवडा' या पर्यायावर जाऊन फक्त सुट्ट्या चकतीवर खूण केली. जयवंतची चकती जशीच्या तशी राहू दे, लिनक्स या दुसरीवर बसेल आणि तिथून पहिलीवरची देहलय वाचेल. तिने कळ दाबली. चकतीचा दिवा भराभर लुकलुकू लागला. लिनक्स बसू लागलं.

दोघंही टेबलाला टेकून उभे राहिले.

"पण मला एक समजत नाही," निसार म्हणाला. "सुट्टी चकती दिसली, ते ठीक. तिला कळलं, आपलं सगळं पहिलीकडे आहे. पण पहिली का दिसली? एकीने तरी राखण करायला हवी होती की नाही? दोघींनी एकदम कशी सोडली?"

"मलाही तेच खटकत होतं." सुलभा पडद्याकडे बघत बोलत होती. कोडं सुटल्यावर येतो तो वेग तिच्या बोलण्यात आला होता. "राखणदार सावध असतो तो आपण एकटे आहोत म्हणून. आपल्यानंतर कुणी नाही, ही त्याची सगळी भीती. जुळणी झाली आणि पहिलीने बघितलं, दुसरीकडे आहे, मी सोडलं तरी चालेल. त्याच क्षणी दुसरीने बघितलं, पहिलीकडे आहे, मी सोडलं तरी चालेल. दोघींचंही बरोबर, एकीचीही चूक नाही. पण 'मी सोडते, तू धर' असं कुणी कुणाला म्हणालंच नाही. ते सांगायची सोयच त्यांच्यात ठेवलेली नाही. एकटी असताना जी जिवापाड जपत होती, तीच दुसरी आल्याबरोबर..."

ती बोलायची थांबली.

तिने मान वळवून निसारकडे पाहिलं. निसार तिच्या शेजारी उभा होता. दोन्ही हात टेबलावर टेकवून.

"तू इथे आहेस," ती म्हणाली.

"हां. तुम्ही आत आलात ना, जयावर वाकलात, म्हणून मी..." निसारचा चेहरा पांढरा पडला. "तुम्ही बोळातून कशा आलात?"

"मी विजेरी आणायला गेले होते. चाकाशी तू होतास."

"चाक तुम्ही धरलंय असं मला..."

पुढचं वाक्य दोघांनीही ऐकलं नाही. ते धावत होते.

काटा हिरव्यात नव्हता. तांबड्यात पार आत शिरला होता. काचेला आतून बारीक दव धरलं होतं, आणि त्यामागे जयवंतच्या डाव्या पापणीखाली काहीतरी हलत होतं. ओठांच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिसत होता. सुलभाने चाक धरलं आणि फिरवलं. एकदम फिरवायचं नसतं हे तिला माहीत होतं, म्हणून दात आवळून, स्वतःच्या हातांना आवरत, ती थोडं थोडं फिरवत राहिली. निसारचाही हात चाकावर आला. दोघांचे हात एकमेकांत अडकले, चाक गचकलं आणि काटा थरथरला.

"सोड!" सुलभा ओरडली.

निसारने हात काढला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. काटा हलत नव्हता. मग हलला. तांबड्याच्या कडेशी येऊन अडला, तिथे बराच वेळ रेंगाळला, आणि अखेर हिरव्याला टेकला. काचेवरचं दव विरलं. पापणी शांत झाली. लाल ठिपका होता तेवढाच राहिला. शय्येच्या पायथ्याशी हृदयाचा दिवा होता, तो फार सावकाश, पण एकदा लागला. मग पुन्हा लागला.

निसार तोंडावर हात घेऊन रडत होता. "बरगडीच्या आधी मीच त्याला मारलं असतं," तो म्हणाला.

"तू एकट्याने नाही. आपण दोघांनी." सुलभाची नजर काट्यावर होती. तिलाही रडू येत होतं, पण रडलं की डोळ्यांसमोर धूसर होतं. "निसार, ऐक. तू बाहेर जा."

"वहिनी, मी इथे बसतो ना. एकाला दोन बरे. तुमची नजर चुकली तर मी—"

"म्हणूनच जा. तू इथे असलास की माझी नजर चुकेल."

निसारने डोळे पुसले. तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "मग मी दाराबाहेर बसतो. हाक मारली की आलोच."

"दाराबाहेरही नको. तू दाराबाहेर आहेस हे मला माहीत असेल." तिचा आवाज कठोर होत होता आणि त्याचं तिला वाईटही वाटत होतं. "तिकडे चकतीवर लिनक्स बसतंय. ते तू एकट्याने बघ. मी बघायला येणार नाही, मी वाचून खात्री करणार नाही. चुकलं तर ते तुझंच चुकलं असेल. आणि हे दार लावून घे."

निसार समजला. मान खाली घालून तो उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की जाण्याआधी एक गोष्ट राहिली आहे, मघाशी राहून गेली होती तीच. ज्या रीतीची त्याने भरपूर टिंगल केली होती, ती त्याने आता पाळली.

"सोडलं," तो म्हणाला.

सुलभाने मान वळवली नाही.

"धरलं," ती म्हणाली, आणि दार लागल्याचा आवाज येईपर्यंत थांबली.